नक्कल, पत्ता आणि नाव

मराठीचे तास घेऊन उदरनिर्वाह करणाऱ्याने संगणकाच्या भाषांविषयी लिहावे, हा अनधिकार आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु काही गोष्टी आपल्याच घरातल्या असूनही त्यांचा अर्थ परक्या शास्त्राकडून कळतो. तसे आमचे झाले, म्हणून हा प्रपंच.

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत कन्या दिंडोरीस घरी आली होती. ती त्या वेळी संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला होती. ओटीवर बसून ती सी नावाच्या भाषेत दोन संख्यांची अदलाबदल करणारे एक छोटेसे फंक्शन लिहीत होती. मराठी गणितात फंक्शनला 'फल' म्हणतात. आमच्या तालुक्यात फळ म्हटले की द्राक्षाखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे येत नाही, तेव्हा गोंधळ नको म्हणून आम्ही फंक्शनच म्हणू. काही वेळाने ती वैतागून म्हणाली, "बाबा, बघा ना! आत गेल्यावर दोन्ही आकडे बदलतात, आणि बाहेर आले की पुन्हा जसेच्या तसे."

आम्हांस त्यातले ओ की ठो कळत नव्हते. परंतु शिक्षकाने 'कळत नाही' म्हणावयाचे नसते, ही खोड जुनी. आम्ही विचारले, "तू त्याला मूळ कागद दिलास की झेरॉक्स?"

प्रश्न केवळ वेळ मारून नेण्यासाठी होता. तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत आमचे अर्धे आयुष्य गेले आहे, म्हणून ती उपमा तोंडी आली, इतकेच. पण कन्येने चमकून वर पाहिले आणि म्हणाली, "झेरॉक्सच दिली. सी भाषा नेहमी झेरॉक्सच देते."

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या या भाषेचा हा दंडकच आहे. फंक्शनला जे द्यावयाचे, ज्याला त्या शास्त्रात आर्ग्युमेंट म्हणतात, त्याची नक्कल काढली जाते आणि फंक्शनच्या हाती ती नक्कल पडते. त्याने तीवर काहीही खाडाखोड करावी. काम संपले की नक्कल फेकली जाते आणि मूळ होते तिथे, होते तसे राहते. याला 'मूल्याने देणे' म्हणतात. अदलाबदल झाली नव्हती असे नाही. ती नकलांची झाली होती.

हे ऐकताना आम्हांस माजघरातली ट्रंक आठवली.

त्या ट्रंकेत आमच्या वडिलांनी जपून ठेवलेला सातबाराचा एक जुना उतारा होता. आजोबा १९७४ साली वारले. त्यानंतर जमिनीला वारस लागले ते दोन मुलगे, म्हणजे वडील आणि चुलते. आत्याचे नाव लागले नाही. तेव्हा ती लग्न होऊन निफाडकडच्या एका गावी नांदत होती, आणि बहिणीने भावांकडे जमिनीचा विषय काढावयाचा नसतो, हा त्या काळचा अलिखित कायदा लिखित कायद्याहून बलवत्तर होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वारसांत बसवले होते. पण कायदा दिल्लीस होता आणि वर्दी तलाठ्याकडे द्यावयाची होती. ती कोणी दिली नाही. दोष कचेरीचा नव्हता, आमच्या घराचा होता.

वडिलांना मात्र ते खुपत असावे. त्या उताऱ्यावर, दोन्ही भावांच्या नावांखाली, त्यांनी शिसपेन्सिलीने स्वच्छ अक्षरात आत्याचे नाव लिहून ठेवले होते. आम्ही लहानपणी तो कागद पाहिला होता, आणि आत्या जमिनीत आहे अशी आमची कित्येक वर्षे प्रामाणिक समजूत होती. २०११ साली वडील गेले. वारस नोंदीसाठी ताजा उतारा काढला, तेव्हा त्यात आत्या नव्हती. असणारच कशी? वडिलांनी बदलली ती नक्कल.

उतारा या शब्दातच ते आहे. मूळ दप्तरातून उतरवून घेतलेले ते उतारा. त्यावर तारीख असते, आणि त्या तारखेस दप्तरात जे होते तेवढेच तो सांगतो. उद्या दप्तर बदलले तर उताऱ्यास ते कळत नाही, आणि उताऱ्यावर काही लिहिले तर दप्तरास कळत नाही. हे आम्हांस २०११ मध्येच कळावयास हवे होते. कळले होतेही. पण आम्ही तो पेन्सिलीचा कागद पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि गप्प राहिलो.

असो. मूळ विषयाकडे वळतो.

नकलेच्या उलट टोकास 'संदर्भाने देणे' ही रीत आहे. येथे वस्तू न देता ती जिथे ठेवली आहे तो पत्ता दिला जातो. घेणारा त्या पत्त्यावर जातो आणि जे करावयाचे ते मूळ वस्तूवरच करतो. १९५७ साली आलेली फोरट्रान ही जुनी भाषा बहुतांशी याच रीतीने चाले. तिच्याविषयी एक मौज सांगतात. फंक्शनला २ हा आकडाच दिला, आणि फंक्शनने आपल्याला मिळालेल्या जागी १ मिळवला, तर काही यंत्रांवर पुढच्या सगळ्या हिशेबांत २ या आकड्याचीच किंमत ३ होऊन बसे. कारण यंत्राने २ हा आकडा एका खणात ठेवून त्या खणाचा पत्ता दिलेला असे. मूळ हाती देणे म्हणजे केवढा विश्वास टाकणे आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे. निकलाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेत म्हणून हा विश्वास उघडपणे बोलून दाखवावा लागे; मूळ बदलू द्यावयाचे असेल तर फंक्शनच्या माथ्यावरच तसे लिहावे लागे.

साहित्याच्या अभ्यासकास यात नवे वाटू नये. छापखाना येण्यापूर्वी आपले सगळे वाङ्मय नकलेने चालले. लेखकूला पोथी मिळे, तो तिची प्रत उतरवी, उतरवताना कुठे चुके, कुठे 'सुधारणा' करी, कुठे आपली एखादी ओवी घुसडी. आता सी भाषेच्या न्यायाने पाहिले तर मूळ पोथी अबाधितच राहावयास हवी. राहतही होती, पण मूळ पोथी काळाच्या उदरात जाई आणि बदललेली नक्कल पुढच्या लेखकूपुढे मूळ म्हणून येई. नकलेच्या नकलेची नक्कल. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद दिली, ती यामुळेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेले आणि विष्णु सीताराम सुकथनकरांनी शिस्त लावलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ पर्यंत चालले, तेही याच पेचाशी झुंजत. कन्येस हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सी भाषेत त्याला कॉन्स्ट म्हणतात. हे वाचायचं, बदलायचं नाही, असं आधीच बजावता येतं." एकनाथ महाराजांचा कॉन्स्ट! आम्ही तो शब्द टिपून घेतला.

पुढच्या सुट्टीत ती पायथन शिकून आली, आणि तिथे आमचे झेरॉक्सचे ज्ञान तोकडे पडले. तिने एक यादी फंक्शनला दिली. फंक्शनने यादीत भर घातली तर ती बाहेरही दिसली. पण फंक्शनने त्याच नावाला नवीन यादी जोडली तर बाहेर काहीच फरक पडला नाही. मग हे नक्कल देणे की मूळ देणे?

उत्तर सापडले ते शेतात. समजा, आमच्या जमिनीचा गट नंबर आम्ही एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठीची नक्कल वाटेकऱ्याला दिली. आता दोघांकडे दोन स्वतंत्र चिठ्ठ्या आहेत, पण त्या एकाच शेताकडे बोट दाखवतात. वाटेकऱ्याने आपल्या चिठ्ठीवरचा नंबर खोडून दुसऱ्या शेताचा लिहिला, तर आमच्या चिठ्ठीस काही होत नाही आणि शेतासही नाही. पण तो त्या नंबराच्या शेतात गेला आणि त्याने बाग छाटली, तर ती सर्वांसाठीच छाटली गेली. आम्ही आमची चिठ्ठी घेऊन गेलो तरी छाटलेलीच बाग दिसणार. नक्कल होते ती चिठ्ठीची, शेताची नव्हे. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात क्लू या भाषेच्या निमित्ताने या रीतीला 'वाटून घेण्याने देणे' अशा अर्थाचे नाव दिले. जावा, पायथन या आजच्या भाषा वस्तूंच्या बाबतीत याच वाटेने जातात.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. नावाला दुसरी वस्तू जोडणे वेगळे आणि त्याच वस्तूत बदल करणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारास संगणकवाले म्युटेशन म्हणतात. आणि महसूल खात्याच्या इंग्रजीत गाव नमुना सहामध्ये होणाऱ्या नोंदीलाही म्युटेशनच म्हणतात. आपण तिला फेरफार म्हणतो. दप्तरातले नाव खरोखर बदलावयाचे तर त्याला एकच रस्ता आहे: वर्दी, फेरफाराची नोंद, हरकतीसाठी नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची प्रमाणी. बाकी सगळे चिठ्ठीवरचे लिखाण. कन्या हे सहज बोलून गेली. ट्रंकेतला कागद तिला ठाऊक नव्हता. आम्हांस ठाऊक होता.

तिसरी रीत आम्हांस सर्वांत मोहक वाटली. तिचे नाव 'नावाने देणे'. पीटर नाउर यांच्या संपादनाखाली १९६० साली प्रसिद्ध झालेल्या अल्गोल भाषेच्या अहवालात ती आहे. तिथे मुद्दाम 'मूल्याने' असे सांगितले नाही, तर हीच रीत लागू होई. यात किंमत देत नाहीत, पत्ताही देत नाहीत. किंमत कशी काढावी ते वाक्यच जसेच्या तसे देतात. फंक्शनला जेव्हा जेव्हा गरज पडेल, तेव्हा तेव्हा ते वाक्य नव्याने सोडवले जाते.

द्राक्षाच्या व्यवहारात हे तीनही सौदे होतात. व्यापारी आज बागेत येऊन किलोचा भाव ठरवून जातो, तो मूल्याचा सौदा. 'ज्या दिवशी तोड होईल त्या दिवशीचा भाव' असे ठरले तर तो नावाचा. दहा दिवस तोड चालली तर दहा वेळा भाव नव्याने निघणार. आणि 'पहिल्या तोडीला जो निघेल तोच अखेरपर्यंत' असे ठरले, तर त्याला त्या शास्त्रात 'गरजेने देणे' म्हणतात. १९९० ची हॅस्केल ही भाषा त्या धर्तीवर चालते. पहिल्यांदा लागेल तेव्हाच हिशेब करावयाचा, आणि मग तोच धरून ठेवावयाचा.

पण नावाने देण्यात एक खोच आहे, आणि साहित्याच्या माणसाने थांबावे ते इथे. आमच्याकडे कोणी 'गडावर जाऊन आलो' म्हटले, तर तो वणीवरून सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आला हे सांगावे लागत नाही. तेच वाक्य महाडच्या माणसाच्या तोंडी असेल तर गड म्हणजे रायगड. आता महाडच्या माणसाचे वाक्य दिंडोरीत येऊन पोहोचले, तर त्यातला 'गड' कुठला मानावा? बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? अल्गोलच्या अहवालाने याचे उत्तर निःसंदिग्ध दिले आहे: देणाऱ्याचा. नावे एकमेकांत अडकण्याचा संभव असेल तर घेणाऱ्याकडची नावे पद्धतशीर बदलून घ्यावीत, पण देणाऱ्याच्या शब्दाला घेणाऱ्याच्या गावाचा अर्थ चिकटू देऊ नये. हे यंत्रावर साधण्यासाठी प्रत्येक वाक्याबरोबर त्याच्या मूळ गावाची शिदोरी बांधून द्यावी लागते. पीटर इंगरमन यांनी १९६१ साली या गाठोड्याचे वर्णन केले. त्याला थंक असे गमतीदार नाव आहे.

संतांचे एखादे वचन सभेत फेकले जाते, निवडणुकीच्या फलकावर चढते, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'स्पष्टीकरणासाठी' उतरते, तेव्हा किती वेळा ही शिदोरी त्याच्यासोबत येते? बहुधा वचन एकटेच येते आणि त्यातल्या प्रत्येक शब्दास नव्या गावाचा अर्थ चिकटतो. वाचकाने आपल्या परीने अर्थ लावावा हे मान्यच. तो त्याचा हक्क आहे. परंतु लावलेला अर्थ आपल्या गावचा आहे की त्या शब्दाच्या गावचा, एवढे तरी त्याला ठाऊक असावे. वर्गात आम्ही 'संदर्भासह स्पष्टीकरण' हा प्रश्न वर्षानुवर्षे घातला. त्यातल्या 'संदर्भासह' या शब्दाचे वजन आम्हांस पन्नाशीनंतर कळले.

याच इंगरमन यांनी १९६७ साली एका संगणकविषयक नियतकालिकास छोटे पत्र लिहिले. भाषांचे व्याकरण मांडण्याच्या ज्या पद्धतीला जॉन बॅकस यांचे नाव दिले जाते, तिच्याशी तुल्य अशी पद्धत पाणिनीपाशी होती, तेव्हा तिला पाणिनी-बॅकस म्हणावे, अशी ती सूचना. पुढे १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांचा संस्कृत आणि ज्ञानाची मांडणी यांविषयी लेख आला, आणि त्यातून 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे नासाने सिद्ध केले' ही लोणकढी निघाली. तसे काही सिद्ध झालेले नाही आणि संस्कृतात कोणी आज्ञावल्या लिहीतही नाही. नवल आहे ते याहून साधे आणि आपल्या बोलण्यातले आहे.

संगणकाला तीन गोष्टी दिल्या तर कोणती कशासाठी, हे त्याला कळावे कसे? एक उपाय क्रमाचा: पहिली ती देणाऱ्याची, दुसरी घेणाऱ्याची, तिसरी वस्तू. इंग्रजी वाक्य बरेचसे असेच चालते. दुसरा उपाय चिठ्ठी लावण्याचा: प्रत्येक गोष्टीवर तिची भूमिका लिहावयाची, मग क्रम कोणताही चालतो. पायथनमध्ये हे दोन्ही उपाय आहेत. आणि मराठीतही आहेत. 'बहिणीने भावाला जमीन दिली', 'भावाला जमीन बहिणीने दिली', 'जमीन दिली बहिणीने भावाला': शब्द कसेही हलवा, 'ने' आणि 'ला' आपापल्या जागी पहारा देत असतात. पाणिनीने कारक आणि विभक्ती वेगळ्या केल्या. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'तही हा विचार तपशिलाने आला. पण प्रत्यय गळाला की क्रमाची सत्ता सुरू होते. 'कोल्हा ससा खातो' हे ठीक. 'ससा कोल्हा खातो' म्हटले की वर्ग हसतो. चिठ्ठी नसली की जागाच अर्थ ठरवते.

हे आम्ही पंचवीस वर्षे शिकवत होतो. त्याचा उपयोग आम्हांस २०१९ च्या उन्हाळ्यात झाला.

त्या वर्षी आम्ही ट्रंक उघडून तो कागद कन्येस दाखवला आणि मग निफाडास जाऊन आत्यालाही दाखवला. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिने पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "अक्षर दादाचंच हाये. त्याच्या मनात व्हतं म्हन की. पन मनातलं सरकारच्या वहीत कसं उतरंल, बाबा?"

चुलत भावांना भेटलो. आरंभी नाराजी झाली. मग त्यांच्यातला थोरला म्हणाला, "नाव लावायचं ना? लावू की. इतर हक्कात टाकू."

ज्यांनी सातबारा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्यात भोगवटादाराचा रकाना वेगळा आणि कूळ, खंड व इतर अधिकारांचा वेगळा. बहिणींची नावे या दुसऱ्या रकान्यात सरकवून ठेवण्याची रीत जुनी आहे. नाव तेच, अक्षरे तीच. पण एका रकान्यात ते धनिणीचे आणि दुसऱ्यात ते समासातल्या टिपेसारखे. नावापुढे 'ने' की 'ला' हे सातबारात लिहिलेले नसते. तिथे जागाच विभक्ती.

"दादा," आम्ही म्हणालो, "इतर हक्कात नको. आपल्या नावांच्या खाली. जिथं बाबांनी लिहिलंय तिथंच."

कागद त्यांच्यापुढे ठेवला. दोन बैठका आणखी झाल्या, त्यांत काही कडू बोलणेही झाले; ते येथे लिहिण्याचे कारण नाही. अखेर सर्वांच्या संमतीने अर्ज गेला, नोटीस निघाली, मुदतीत हरकत आली नाही आणि फेरफार प्रमाणित झाला. आता डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या निघतो. कन्येने तो काढून छापला आणि आम्ही आत्याकडे नेऊन दिला. तिला वाचता येते, तरी तिने तो आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, गट नंबरापासून आकारणीपर्यंत सगळा. मग घडी करून चोळीखाली ठेवला आणि विचारले, "त्या पेन्सिलीच्या कागदाचं काय केलंस?"

तो ट्रंकेतच आहे, असे आम्ही सांगितले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यो माझ्या भावाचा हाये."